बेटाचा डाव: फासे, बंदर आणि खाजनाचा बांध

गोव्यातल्या चोडणला किंवा दिवाडीला फेरीबोटीने जाणाऱ्याला बेट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. जमीन संपते तिथं पाणी सुरू होतं, आणि घर, शेत, वाट, देऊळ, जे काही उभं करायचं ते त्या कडेच्या आत. बेटं शोधायची, वसवायची, वाढवायची अशा बोर्ड गेमचा एक मोठा प्रकार आहे आणि त्या सगळ्यांचा जीव याच कडेत आहे. पट पसरला की जमीन मोजकी आहे हे सगळ्यांना एकदम दिसतं. तुम्ही धरलेला प्रत्येक कोपरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेलेला असतो. फासे, व्यापार, लिलाव हे सारं तिथूनच उगवतं.

चवथीला घरं भरली की आता गोव्यात पत्त्यांच्या शेजारी असा एखादा पटही निघू लागला आहे. पण नियमांची जाड पुस्तिका बघून बरेच जण आधीच उठतात. त्यांना परत बसवावं असं मला मनापासून वाटतं, कारण या खेळांच्या पोटात जे आहे ते अवघड नाही आणि फार मोलाचं आहे.

सुरुवात कॅटनपासून करू. क्लाउस टॉयबर हा जर्मन माणूस व्यवसायाने दंततंत्रज्ञ होता आणि फावल्या वेळात खेळ रचायचा. त्याचा कॅटन 1995 साली जर्मनीत आला आणि त्याच वर्षी तिथला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार घेऊन गेला. टॉयबर 2023 साली वारला, पण या प्रकारच्या खेळांचं दार जगभरच्या घरांना त्यानेच उघडून दिलं, असं म्हणायला हरकत नाही.

कॅटनचं बेट 19 षट्कोनी तुकड्यांचं असतं. चार जंगलं लाकूड देतात, चार कुरणं लोकर, चार शेतं धान्य, तीन टेकड्या विटा आणि तीन पहाड खनिज. एक तुकडा ओसाड असतो. (गोव्यात हा खेळ रचला असता तर विटांच्या जागी चिरे आले असते.) दर डावाला तुकडे पिसून मांडतात, म्हणून बेट दर वेळी नवं. ओसाड सोडून प्रत्येक तुकड्यावर एक आकडा ठेवलेला असतो. दोन फासे टाकायचे. बेरीज येईल त्या आकड्याचे तुकडे पिकतात, आणि त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर ज्याची वस्ती असेल त्याला तिथलं पीक पत्त्याच्या रूपात मिळतं. एक वीट आणि एक लाकूड दिलं की रस्ता होतो. वीट, लाकूड, लोकर आणि धान्य यांचा एकेक पत्ता दिला की वस्ती. तीन खनिजं आणि दोन धान्यं दिली की वस्तीचं शहर होतं आणि ते दुप्पट पीक घेतं. वस्तीचा एक गुण, शहराचे दोन. आपल्या पाळीत ज्याचे 10 गुण होतील तो जिंकला. बाकीचे नियम खेळता खेळता समजतात.

आता फासे. सोंगट्या आणि सापशिडी खेळलेल्या माणसाला फासा म्हणजे नशीब वाटतं, आणि कॅटनमध्ये पहिला घोटाळा इथंच होतो. एका फाशावर सहा आकडे, दुसऱ्यावर सहा, म्हणजे दोन्ही मिळून 36 प्रकारे पडू शकतात. त्यांत 2 ही बेरीज एकाच प्रकारे येते: एक आणि एक. 12 सुद्धा एकाच प्रकारे. पण 6 पाच प्रकारांनी येतो: एक-पाच, दोन-चार, तीन-तीन, चार-दोन, पाच-एक. 8 चंही तसंच. 5 आणि 9 चार प्रकारांनी, 4 आणि 10 तीन प्रकारांनी, 3 आणि 11 दोन प्रकारांनी. सगळ्यांत जास्त, सहा प्रकारांनी, येतो 7, आणि म्हणूनच 7 चं पीक कुणालाच नाही. 7 पडला की दरोडेखोराची काळी सोंगटी हलते, ती ज्या तुकड्यावर बसेल तो पिकेनासा होतो, आणि ज्याच्या हातात सातापेक्षा जास्त पत्ते असतील त्याचे निम्मे जातात. साठेबाजाला शिक्षा, तीही खेळात सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या आकड्याने. ही रचना मला फार आवडते.

खेळ रचणाऱ्यांनी आकडेमोड सोपी व्हावी म्हणून प्रत्येक आकड्याखाली ठिपके दिले आहेत. 6 आणि 8 खाली पाच ठिपके, 2 आणि 12 खाली एक. वस्ती कुठं करायची हे ठरवताना त्या कोपऱ्याला लागून असलेल्या तीन तुकड्यांचे ठिपके मिळवायचे. समजा एका कोपऱ्यावर 8, 3 आणि 12 आहेत: पाच, दोन आणि एक, एकूण आठ ठिपके. दुसऱ्या कोपऱ्यावर 5, 9 आणि 10: चार, चार आणि तीन, एकूण अकरा. पहिल्या कोपऱ्यावर लाल रंगातला ठसठशीत 8 आहे, म्हणून नवखा तिकडे धावतो. पण 36 वेळा फासे टाकले तर पहिला कोपरा सरासरी आठ पत्ते देईल आणि दुसरा अकरा.

इथवर बेरीज झाली. याच्या पुढची पायरी थोडी खोल आहे आणि बरेच जण ती चुकवतात. सरासरी सारखी असली तरी दोन मांडण्या सारख्या नसतात. एकाच्या दोन्ही वस्त्या 6 वर आहेत. दुसऱ्याची एक 6 वर आणि एक 8 वर. ठिपके दोघांचेही दहा. चौघांच्या डावात तीन फेऱ्या म्हणजे 12 वेळा फासे पडतात. या 12 वेळांत 6 एकदाही न येण्याची शक्यता सुमारे 17 टक्के आहे, म्हणजे तीन-तीन फेऱ्यांच्या अशा साधारण सहा खेपांमागे एकदा पहिला खेळाडू तीन फेऱ्या हात चोळत बसणार. 6 आणि 8 हे दोन्ही आकडे 12 वेळांत अजिबात न येण्याची शक्यता मात्र फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. पहिल्याला 6 पडला की घबाड मिळतं आणि नाही पडला तर काहीच नाही. दुसऱ्याला थोडं थोडं पण नेमाने मिळतं. पाऊस कधी ओढ देईल याचा नेम नसलेल्या गावात लोक एकाच जागी, एकाच पिकावर सगळं लावत नाहीत, ते याच हिशेबाने.

फाशांना आठवण नसते, हेही इथंच सांगून टाकतो. पाच वेळा 6 आला नाही म्हणून सहाव्या वेळी तो "येणारच" असं काही नसतं.

मग नशिबाचा वाटा किती? आहेच, पण मोठा भाग व्यापाराचा आहे. आपल्या पाळीत आपण कुणाशीही अदलाबदल करू शकतो. कुणी तयार नसेल तर बँकेला एकाच जातीचे चार पत्ते देऊन हवा तो एक घ्यायचा. किनाऱ्यावरच्या बंदराला वस्ती असेल तर चाराऐवजी तीन, आणि एखाद्या मालाचं खास बंदर असेल तर त्या मालाचे फक्त दोन. त्यामुळे लोकर भरपूर पिकणाऱ्याने लोकरीचं बंदर धरलं तर त्याला दुसऱ्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. किनाऱ्यावरच्या कोपऱ्याला जमिनीचे तुकडे कमी लागतात, कधी दोन, कधी एकच. तरी जाणते खेळाडू तिथं जातात, कारण पीक कमी असलं तरी दर चांगला मिळतो.

आणि दर हलता असतो. सुरुवातीला सगळ्यांना रस्ते आणि वस्त्या हव्या असतात, म्हणून वीट आणि लाकूड महाग. त्यात टेकड्या तीनच. डाव निम्मा झाला की मोकळे कोपरे संपत येतात. पटावर कोपरे 54 आहेत खरे, पण एका वस्तीच्या लगतच्या कोपऱ्यावर दुसरी वस्ती बांधता येत नाही, त्यामुळे एक वस्ती तीन-तीन शेजारी कोपरे बंद करून टाकते. आता बाहेर पसरायला जागा उरत नाही. आहे त्या वस्तीचं शहर करणं एवढीच वाट. मग खनिज आणि धान्याला भाव येतो आणि मघाशी हातोहात खपणारी वीट कुणी विचारीनासं होतं. बेट छोटं आहे याचा परिणाम बाजारभावात दिसतो तो असा. ज्याने हा बदल दोन फेऱ्या आधी ओळखला, तो विटा महाग असतानाच त्या देऊन खनिज गोळा करतो आणि बहुतेक वेळा जिंकतो.

कॅटनमध्ये मन रमलं की पुढे प्वेर्तो रिको खेळावा. आंद्रेआस झायफार्टने रचलेला हा खेळ 2002 सालचा. यात फासे नाहीतच. कॅरिबियन बेटावर मका, नीळ, साखर, तंबाखू, कॉफी पिकवायची, विकायची किंवा जहाजाने पाठवायची. गंमत भूमिकांची आहे. दर फेरीत प्रत्येकाने एक भूमिका उचलायची: बांधकाम करणारा, पीक काढणारा, व्यापारी, कप्तान वगैरे. तुम्ही कप्तान उचलला तर माल जहाजात सगळ्यांनाच भरता येतो, तुम्हाला थोडा जादा फायदा होतो इतकंच. म्हणजे प्रत्येक चाल दुसऱ्यांच्याही उपयोगाची, आणि प्रश्न असा पडतो की कोणत्या चालीचा उपयोग मला सगळ्यांत जास्त आणि त्यांना सगळ्यांत कमी आहे. ज्या भूमिका फेरीअखेर कुणीच उचलल्या नाहीत त्यांच्यावर एकेक नाणं ठेवतात. दोन फेऱ्या पडून राहिली तर दोन नाणी. म्हापशाच्या बाजारात संध्याकाळ होत आली की उरलेल्या मासळीचा दर उतरत जातो आणि कुठल्याशा दराला गिऱ्हाईक उभं राहतंच. इथंही नाणी साठत जातात आणि कधीतरी नको असलेली भूमिकाही कुणीतरी उचलतो. किंमत कुणी ठरवत नाही, ती अशी सापडते.

गोव्याच्या नावाचाच एक बोर्ड गेम आहे हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. रुडिगर डॉर्नने तो रचला, 2004 साली तो जर्मनीत प्रसिद्ध झाला, आणि नावही सरळ गोवा. काळ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, खेळाडू पोर्तुगीज व्यापारी, माल म्हणजे मिरी, आलं, लवंग, जायफळ, दालचिनी. पाच ओळी, पाच रांगा अशा 25 तुकड्यांची पावणी, म्हणजे लिलाव, होते. आपण ज्या तुकड्यावर खूण ठेवू तो आपण पावणीला काढला. बाकीच्यांनी एकेकदा बोली करायची, शेवटची बोली आपली. दुसऱ्याने तुकडा घेतला तर पैसे आपल्याला मिळतात. आपणच घेतला तर आपले पैसे बँकेत जातात. यातून निघणारी चाल फार सुरेख आहे. स्वतःला हवा तोच तुकडा पावणीला काढायचा असं नाही. दुसऱ्या दोघांना जो जिवापाड हवा आहे तो काढावा, त्यांना झुंजू द्यावं आणि पैसा आपल्या खिशात घ्यावा. मग त्या पैशाने पुढच्या पावणीत उतरावं. गावात पावणीला बसलेल्या जुन्या जाणत्या माणसांना हे शिकवावं लागणार नाही.

शोध लावण्याचं अंग कॅटनच्या समुद्री जोडपटात येतं. त्यात धुक्यातली बेटं म्हणून एक डाव आहे: काही तुकडे पालथे असतात आणि आपलं जहाज त्यांच्या कडेला पोचलं की उलटतात. जमीन निघाली तर पोचणाऱ्याला तिथल्या मालाचा एक पत्ता लगेच मिळतो, पाणी निघालं तर नाही. शोध लावणं म्हणजे माहिती विकत घेणं हे इथं नीट कळतं. जहाजाला लाकूड आणि लोकर लागते. तेवढ्यात घरची वस्ती वाढली असती का, हा प्रश्न दर जहाजागणिक विचारायचा असतो.

आता जे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते. या बहुतेक खेळांत बेट सुरुवातीला रिकामं असतं. कॅटनवर कुणी राहत नाही. खेळ म्हणून ते चालतं, पण खऱ्या बेटांची गोष्ट तशी नव्हती, आणि हे गोव्याच्या माणसाने तरी विसरू नये. 1510 साली आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला तो आधी तिसवाडी आणि भोवतालची बेटं एवढाच. पोर्तुगीज दप्तरात त्या मुलखाचं नावच इल्हास, म्हणजे बेटं, असं पडलं. शेजारचे बार्देश आणि साष्टी हे मुलूख 1543 मध्ये आले. पण त्या बेटांवर गावं होती, शेतं होती आणि गावकारी नावाच्या गावसंस्था होत्या. गावकरी सामायिक जमीन सांभाळत, खाड्यांच्या कडेला बांध घालून खाजन शेती करत. त्यांचे रिवाज इतके पक्के होते की 1526 साली पोर्तुगिजांनाच ते फोराल नावाच्या सनदेत लिहून घ्यावे लागले.

प्वेर्तो रिकोवरही नेमका हाच आक्षेप घेतला गेला. जुन्या पेटीत जहाजातून तपकिरी गोल चकत्या येतात आणि मळ्यांवर कामाला लागतात. त्यांना वसाहतकार असं नाव दिलं होतं, पण त्या बेटावरच्या मळ्यांत गुलाम राबत होते आणि तिथली गुलामगिरी 1873 मध्ये संपली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या चकत्या हातात धरताना अवघडल्यासारखं होतं. 2022 मध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीने काळ 1897 वर आणला, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरचा. मला तो बदल योग्य वाटतो. खेळाची यंत्रणा तीच राहिली, तिची मजा तसूभर कमी झाली नाही.

स्पिरिट आयलंड या 2017 सालच्या खेळाने तर पट पुरता उलटवला. आर. एरिक रॉइसने रचलेल्या या खेळात खेळाडू म्हणजे बेटाच्या शक्ती: वीज, नदी, सावली, भूमी. सगळ्यांनी एका बाजूने खेळायचं. बाहेरून येणाऱ्या वसाहतवाल्यांना खेळ स्वतःच चालवतो. बेटावर दाहान नावाचे रहिवासी आधीपासून आहेत. त्यांची घरं लाकडाची, तर आक्रमकांच्या सोंगट्या प्लास्टिकच्या. हात लावताच फरक कळतो.

याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. जमीन चार प्रकारची: जंगल, डोंगर, वाळू, पाणथळ. दर फेरीत एक पत्ता उघडतो आणि समजा जंगल निघालं, तर किनाऱ्यालगतच्या किंवा आक्रमकांच्या गावा-शहरांना लागून असलेल्या जंगलांत शोधक येतात. पुढच्या फेरीत तोच पत्ता एक घर सरकतो: जिथं जंगलात ते असतील तिथं गाव किंवा शहर उभं राहतं. त्याच्या पुढच्या फेरीत पत्ता आणखी सरकतो आणि त्या जंगलांची नासधूस होते, दाहान मरतात, जमिनीवर कीड पडते. आधीच किडलेल्या जमिनीवर पुन्हा कीड पडली तर ती शेजारच्या जमिनीत पसरते. शोध, बांधकाम, उजाडणं. इतर खेळांत ज्या पहिल्या दोन पायऱ्यांना गुण मिळतात, त्याच इथं संकटाची सूचना होतात. आणि संकट दोन फेऱ्या आधी दिसत असल्यामुळे खेळ हताश करत नाही, विचार करायला लावतो: आज उजाडणारी जमीन वाचवायची, की परवा उजाडणार असलेल्या ठिकाणचे शोधक आजच हुसकावायचे? मुलांना इतिहास शिकवणाऱ्याने हा एक डाव वर्गात मांडून बघावा, असं मला कळकळीने वाटतं. खेळ लांब आहे, पण आटोपशीर मांडणी घेऊन शाळेच्या मोठ्या मुलांना जमेल.

चोडणचा, दिवाडीचा, सांत इस्तेवचा खेळ मात्र अजून कुणीतरी नीट रचायचा आहे. तोवर कॅटनच्याच पटावर घरच्या घरी एक नियम घालता येतो. तो इथं देतो, कारण त्यातून आपल्या बेटांची खरी गोष्ट कळते.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन. बांधाने खारं पाणी बाहेर ठेवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी ओहोटीला आतलं पाणी सोडायचं, पावसात मीठ धुऊन गेलं की कोरगूट हे खारं सोसणारं भात लावायचं आणि पोंयीत, म्हणजे खाजनातल्या तळ्यात, मासळी धरायची. बांध एका जागी फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. तेव्हा कॅटनच्या पटावर समुद्राला लागून असलेलं प्रत्येक धान्याचं शेत खाजन समजा. 7 पडला की दरोडेखोर हलवण्याआधी प्रत्येकाने एक पत्ता पालथा मध्ये टाकायचा. वीट किंवा लाकूड टाकलं तर ती बांधाची वर्गणी, दुसरं काही टाकलं तर काहीच नाही. ते पत्ते बँकेत जातात. पत्ते पिसून उघडा. चौघांत तीन वर्गण्या जमल्या तर बांध टिकला. नाही जमल्या तर सगळी खाजनं बंद, आणि कुणीतरी दोन विटा भरेपर्यंत तिथं धान्य नाही.

काय होईल ते बघा. प्रत्येकाला वाटेल, बाकीचे तिघे टाकतील, माझी वीट मी वाचवतो. ज्याचं शेत समुद्राला लागून नाही त्याला तर वर्गणी द्यायचं कारणच दिसत नाही, आणि मग धान्य महागल्यावर तोच सगळ्यांत आधी ओरडतो. बांध फुटतो तो अशाने. अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूचा प्रश्न म्हणतात तो हाच: फायदा सगळ्यांचा, खर्च ज्याचा त्याचा.

मग नियम बदला. खाजनातून धान्य पिकलं की घेणाऱ्यांपैकी एकाने, पाळीपाळीने, एक पत्ता मधल्या सामायिक पेटीत टाकायचा. 7 पडला की पेटीतले दोन पत्ते बांधासाठी जातात, ते कुठल्याही जातीचे चालतील. पेटीत तेवढे नसले तरच बांध फुटतो. डावाच्या शेवटी पेटीत उरेल ते खाजनवाल्यांत वाटून टाका, आणि दर तीन पत्त्यांना एक गुण धरा. गावकारीची रीत जवळपास अशीच होती: सामायिक उत्पन्नातून आधी बांधबंदिस्ती आणि गावचा खर्च, आणि उरेल ते गावकऱ्यांना झोण म्हणून. कुणाच्या मनाच्या मोठेपणावर बांध सोडलेला नव्हता. दोन्ही नियमांनी एकेक डाव खेळा, तेच खेळाडू घेऊन. पेटी सांभाळायला मात्र असा माणूस निवडा ज्याचं एकही शेत समुद्राला लागून नाही, आणि हिशेब दर 7 ला सगळ्यांसमोर मोजून दाखवा.